नायगाव म्हणजे कुठलं नायगाव?

पुण्यात कुणी "गाव कुठलं?" विचारलं आणि मी "नायगाव" म्हटलं, की समोरच्याच्या डोक्यात भलतंच गाव उभं राहतं. मुंबईचा असेल तर त्याला पश्चिम रेल्वेवरचं, वसईच्या अलीकडचं स्टेशन दिसतं. दादरकडचा असेल तर बीडीडी चाळींचं नायगाव. साताऱ्याकडचा असेल तर खंडाळा तालुक्यातलं, सावित्रीबाई फुल्यांचा जन्म झाला ते. माझं नायगाव यातलं एकही नाही. माझं नांदेड जिल्ह्यातलं, नांदेडहून देगलूरकडे निघालं की लागतं ते. सरकारी कागदावर 'नायगाव (खैरगाव)', बोलताना 'नायगाव बाजार'. आणि नांदेडच्या स्टँडवर नुसतं 'नायगाव', कारण तिथे दुसरं नायगाव कुणाच्या मनातही येत नाही. आमच्या शेजारच्या नरसीचंही हेच दुखणं. नरसी म्हटलं की लोक हात जोडतात, पण संत नामदेवांची नरसी हिंगोली जिल्ह्यात. आमची नरसी म्हणजे चौक आणि एसटी थांबा.

तर मंडळी, हा भूगोलाचा तास नाही. या शनिवारचा विषय आहे जावामध्ये एक्सएमएलपासून पीडीएफ बनवताना प्रोग्रॅमच्या सोबत बांधून दिलेली चित्रं कशी उचलायची. (थांबा, पान बंद करू नका. यात माझ्या काकांचं पीककर्ज आहे.) पण त्या विषयाचं मूळ याच नायगावात आहे. नुसतं 'नायगाव' हा पत्ता नसतो. तुम्ही कुठे उभे आहात हे ठाऊक असेल तरच तो पत्ता होतो. प्रोग्रॅमरच्या भाषेत याला रिलेटिव्ह पाथ म्हणतात, आणि 'कुठे उभे आहात' याला बेस. बेस बदलला की तोच पत्ता तुम्हाला वसईला नेऊन सोडतो. किंवा कुठेच नेत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण वाचणाऱ्यांतले सगळे जावावाले नाहीत हे मला ठाऊक आहे. तुमच्या बँकेचं स्टेटमेंट, विम्याची पॉलिसी, पगाराची स्लिप हे कागद कुणी वर्डमध्ये बसून टाइप करत नाही. डेटाबेसमधून तुमची माहिती एक्सएमएलच्या रूपात बाहेर येते, म्हणजे नाव, खाते क्रमांक, रक्कम वगैरे खुणांच्या आत बसवलेला मजकूर. मग एक्सएसएलटी नावाची कात्री-सुई त्याला कागदाचा आकार देते. कुठे समास, कुठे तक्ता, कुठे ठळक अक्षरं. यातून जे तयार होतं त्याला एक्सएसएल-एफओ म्हणतात. डब्ल्यूथ्रीसीने हे प्रमाण ऑक्टोबर २००१मध्ये अधिकृत केलं. आणि हा एफओ घेऊन शेवटी पीडीएफ छापणारं जे यंत्र, त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे अपाचे एफओपी. जेम्स टॉबर नावाच्या माणसाने ते लिहायला घेतलं, १९९९मध्ये अपाचेकडे दिलं, आणि त्याची १.० आवृत्ती यायला २०१० उजाडलं. अकरा वर्षं 'शून्य पूर्णांक काहीतरी' म्हणून राहिलेलं सॉफ्टवेअर, आणि तोवर जगभरच्या कंपन्या त्यावर बिनधास्त कागद छापत होत्या. असो.

आता गंमत बघा. या सगळ्या साखळीत मजकूर स्वतः प्रवास करतो. काकांचं नाव एक्सएमएलमध्ये असतं, एफओमध्ये असतं, पीडीएफमध्ये असतं. पण लोगो, शिक्का, सहीची प्रतिमा यांचं तसं नाही. एफओमध्ये 'एक्सटर्नल-ग्राफिक' नावाची एक खूण असते आणि तिच्यात चित्र नसतं, चित्राचा पत्ता असतो. 'चित्रे/सही.पीएनजी' एवढंच. म्हणजे कागद तयार होण्याच्या अगदी शेवटच्या क्षणापर्यंत सही कागदासोबत नसतेच. ती कुठेतरी वेगळी बसलेली असते आणि एफओपीने तिला जाऊन बोलावून आणायचं असतं.

लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर हे छान चालतं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'सोर्स/मेन/रिसोर्सेस' असतं, त्यात चित्रं असतात, प्रोग्रॅम त्याच फोल्डरमध्ये उभा राहून चालतो, आणि 'नायगाव' म्हटलं की नायगावच सापडतं. मग एक दिवस सगळ्याची जार बनते. (जार म्हणजे लोणच्याची बरणी नव्हे, पण कल्पना तीच. सगळं आत भरून झाकण लावायचं.) जार ही मुळात एक झिप फाइल. तिच्या आत गेलेलं चित्र आता डिस्कवरची फाइल राहत नाही. ज्यांनी कोडमध्ये 'न्यू फाइल' करून थेट फोल्डरचा पत्ता दिला असेल त्यांचा रस्ता इथे संपतो, कारण सर्व्हरवर तो फोल्डरच नसतो. असतं ते असं काहीतरी: 'जार:फाइल:/ऑप्ट/पत्रे.जार!/चित्रे/सही.पीएनजी'. मधलं ते उद्गारचिन्ह बघितलंत? तिथे बरणीचं झाकण आहे. त्याच्या अलीकडचा पत्ता डिस्कवरचा, पलीकडचा बरणीच्या आतला.

जावाने यासाठी रस्ता दिलेला आहे, आणि तोही अगदी सुरुवातीच्या काळापासून. फाइल मागू नका, रिसोर्स मागा. क्लासपाथवर जे काही आहे, ते फोल्डरमध्ये असो की बरणीत, 'गेटरिसोर्सअ‍ॅजस्ट्रीम' म्हटलं की त्याच्या बाइट्सचा प्रवाह हातात येतो. ते कुठे ठेवलंय याची तुम्हाला काळजी नको. फक्त यातही एक नरसी आहेच. हीच मागणी क्लासकडे केली आणि पत्त्याच्या सुरुवातीला तिरकी रेघ नसेल, तर तो क्लास स्वतःच्या पॅकेजच्या आत शोधतो. रेघ असेल तर मुळापासून. आणि तीच मागणी क्लासलोडरकडे केली तर तिथे रेघ द्यायचीच नाही, तो कायम मुळापासूनच शोधतो. न सापडल्यास दोघेही आरडाओरडा करत नाहीत, गुपचूप 'नल' हातावर ठेवतात. वर विंडोजला मोठी-लहान लिपी सारखी, लिनक्सला वेगळी. 'सही.पीएनजी'मधलं पीएनजी मोठ्या लिपीत लिहिलंय की लहान, यावर विंडोजचा लॅपटॉप काही बोलत नाही. लिनक्सचा सर्व्हर आणि बरणी दोघेही बोलतात. म्हणजे खरं तर बोलत नाहीत, तोच तर आजचा मुद्दा आहे.

एफओपीला बेस सांगायची सोय पहिल्यापासून होती, पण २०१५च्या २.० आवृत्तीत त्यांनी फॅक्टरी बांधतानाच बेस यूआरआय मागायला सुरुवात केली. माझ्या मते हा त्या प्रकल्पाचा सगळ्यात शहाणा निर्णय. 'नायगाव' म्हणायच्या आधी कुठे उभे आहात ते सांगा! जुनं कोड नव्या आवृत्तीवर आणताना लोक यावर फार चिडले, पण चिडण्यासारखं त्यात काही नाही. मात्र इथे एक खड्डा आहे. बऱ्याच जणांना वाटतं की बेस म्हणून बरणीच्या आतलाच पत्ता, तो 'जार:फाइल:'वाला, देऊन टाकावा. चालत नाही. जावाच्या यूआरआय क्लासच्या लेखी 'जार:'ने सुरू होणारा पत्ता अपारदर्शक असतो, म्हणजे त्याच्या आतल्या फांद्या तो वाचतच नाही. त्याला 'चित्रे/सही.पीएनजी' जोडायला सांगितलं तर तो जोडून देत नाही, 'चित्रे/सही.पीएनजी' जसंच्या तसं परत करतो. एरर नाही, एक्सेप्शन नाही. तुम्हाला वाटतं बेस दिला, आणि प्रत्यक्षात दिलेलाच नसतो.

सरळ मार्ग असा. चित्राच्या पत्त्याला स्वतःची ओळख द्या: 'क्लासपाथ:/चित्रे/सही.पीएनजी'. आणि एफओपीला एक रिसोर्स रिझॉल्व्हर लिहून द्या. त्या इंटरफेसमध्ये मेथड दोनच आहेत, एक वाचायची आणि एक लिहायची. वाचायच्या मेथडमध्ये पत्ता 'क्लासपाथ:'ने सुरू होत असेल तर क्लासलोडरकडून प्रवाह घ्यायचा, तो 'नल' असेल तर तिथेच एक्सेप्शन फेकायचं, नाहीतर प्रवाह रिसोर्समध्ये गुंडाळून द्यायचा. वीसेक ओळींचं काम. फक्त हे लक्षात असू द्या की एक्सएसएलटीचा टप्पा वेगळा आहे. एका स्टाइलशीटमधून दुसरी स्टाइलशीट ओढायची असेल तर ती ट्रान्सफॉर्मरच्या स्वतःच्या यूआरआय रिझॉल्व्हरमधून येते, एफओपीला त्याचा पत्ताही नसतो. दोन टप्पे, दोन वाटाडे. एकाला शिकवलं म्हणून दुसऱ्याला येत नाही.

आणि फॅक्टरी एकदाच बांधा हो! प्रत्येक पत्राला नवी फॅक्टरी बांधणारं कोड मी एका नव्हे, तीन ठिकाणी बघितलंय. एफओपी चित्रं पत्त्यानिशी लक्षात ठेवतं. एकच फॅक्टरी असेल तर दहा हजार पत्रांना लोगो एकदाच वाचला जातो. (न सापडलेले पत्तेही ते काही काळ लक्षात ठेवतं, त्यामुळे चित्र जागेवर ठेवल्या-ठेवल्या लगेच सापडलं नाही तर सर्व्हरला शिव्या घालू नका.)

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही जावावाल्याला चहाच्या एका कपात सांगता येतं. माझं भांडण पुढे आहे.

चित्र सापडलं नाही तर एफओपी काय करतं? लॉगमध्ये एक ओळ लिहितं, की अमुक पत्त्यावर चित्र सापडलं नाही. आणि पुढे जातं. पीडीएफ तयार होते, यशस्वीपणे. बॅच हिरवी दिसते. ज्या जागी सही असायला हवी होती तिथे पांढरी जागा असते, आणि पांढरी जागा कागदावर कुणाला दिसत नाही. ब्राउझर निदान चित्राच्या जागी एक मोडकी चौकट दाखवतो, बघणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी यायचं होतं. पीडीएफमध्ये तेही नाही.

याची तुलना अक्षरांशी करून बघा. फॉन्टचंही चित्रांसारखंच आहे, तोही बरणीतून उचलून आणावा लागतो. पण फॉन्टमध्ये अक्षर सापडलं नाही तर एफओपी त्या जागी '#' छापतं. मराठी फॉन्ट चुकला की 'नांदेड'च्या जागी '####' येतं. देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवायची सोय १.१ आवृत्तीत, २०१२मध्ये आली, त्याआधीच्या काळातली मराठी पीडीएफ आठवली तरी अंगावर काटा येतो. पण ते '#' प्रामाणिक होतं. शेंबडं पोरही सांगेल की हा कागद बिघडलाय. अक्षर हरवलं तर कागद बोंब मारतो आणि सही हरवली तर गप्प बसतो, हा कुठला न्याय?

दुसरी विसंगती याहून मोठी आहे. एक्सएमएल १.० फेब्रुवारी १९९८मध्ये आलं तेव्हा त्याचा सगळ्यात कडक नियम हा होता की एक जरी खूण बंद करायची राहिली तर पूर्ण दस्तऐवज नाकारायचा. अंदाज बांधायचा नाही, सांभाळून घ्यायचं नाही. एचटीएमएल आणि ब्राउझर ज्या 'चलता है'वर मोठे झाले त्याच्या बरोबर उलट. आपण एका खुणेच्या कंसासाठी काम थांबवणारी भाषा निवडली, तिच्या शिस्तीचे गोडवे गायले, आणि त्याच साखळीच्या शेवटी सही नसलेलं पत्र यशस्वी म्हणून बाहेर पाठवतो. कंस राहिला तर घातक चूक, आणि शाखाधिकाऱ्याची सही राहिली तर लॉगमधली एक ओळ.

हे पुस्तकी वाटत असेल तर आता काका.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना. काकांना एका बँकेतून पीककर्ज हवं होतं, आणि त्या बँकेला दुसऱ्या एका वित्तसंस्थेचा बेबाकी दाखला हवा होता. म्हणजे 'यांच्याकडे आमचं काही देणं नाही' असं पत्र. (संस्थेचं नाव इथे नको.) जुनं कर्ज काकांनी कधीच फेडलेलं. पूर्वी असा दाखला शाखेत जाऊन, दोनदा हेलपाटा मारून, साहेब जागेवर असतील त्या दिवशी मिळायचा. आता पोर्टलवर मिळतो. प्रगतीच म्हणायची, आणि मी ती खरंच प्रगती मानतो. काका गावातून नायगावला आले, केंद्रावरच्या मुलाने दोन मिनिटांत पीडीएफ काढली, दहा रुपयांत प्रिंट दिली. काका ती घेऊन पन्नासेक किलोमीटरवर नांदेडला गेले. काउंटरवरच्या बाईंनी कागद उलटसुलट केला आणि परत दिला. "काका, यावर ना लोगो, ना सही, ना शिक्का. असा कागद तर कुणीही टाइप करून आणेल."

त्या बाईंचं काही चुकलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही नाकारला असता.

काका नायगावला परत. केंद्रावर पुन्हा प्रिंट. पुन्हा तसंच. केंद्रवाल्या पोराला वाटलं प्रिंटरची शाई गेली, म्हणून त्याने दुसऱ्या प्रिंटरवर काढून दिली. तिसऱ्या वेळी काकांनी मला फोन केला.

"अरे, कागद चालंना म्हणायलेत. तुझं कॉम्प्युटरचंच काम आहे न्हवं, बघ की जरा."

मी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली. नाव बरोबर, खाते क्रमांक बरोबर, येणे बाकी शून्य, तारीख बरोबर. वर डावीकडे मोकळी जागा. खाली मोकळी जागा, आणि तिच्याखाली सुबक अक्षरांत 'शाखाधिकारी'. फाइलची प्रॉपर्टी उघडली. 'प्रोड्युसर'च्या पुढे लिहिलेलं होतं: अपाचे एफओपी. मग मला पुढचं काही विचारायची गरज उरली नाही.

काकांना समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, काका, सही वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते, कागद छापताना ती कॉम्प्युटरला सापडली नाही.

"मग त्याला कळलं न्हाई का, सही न्हाई म्हणून?"

म्हटलं, कळलं असणार. त्याने वहीत लिहूनही ठेवलं असणार.

"वहीत लिहून काय उपेग? कुणाला तरी सांगावं की त्यानं!"

अठ्ठावीस-तीस वर्षांच्या पोरांनी चालवलेल्या डिझाइन मीटिंगांमध्ये मी याहून नेमकं वाक्य ऐकलेलं नाही.

दाखला शेवटी मिळाला, संस्थेच्या तालुक्याच्या शाखेतून, हाताने शिक्का मारून. तोवर पाऊस पडून गेला होता. सोयाबीनचं बियाणं आणि खत काकांनी दुकानदाराकडून उधारीवर उचललं, आणि उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा किती जास्त असतो हे शेतकऱ्याच्या घरातल्याला सांगावं लागत नाही. कर्ज नंतर मंजूर झालं. उधारीतला फरक कुठल्याही लॉगमध्ये आला नाही.

आता कुणी म्हणेल, अरे, पीडीएफ डिजिटल सहीची ठेवा, चित्राच्या सहीचं एवढं काय? मुद्दा बरोबर आहे, आणि त्याचं घरचं उदाहरण सातबारा. १ मे २०१८ला महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज उरली नाही, पडताळणी क्रमांक टाकून कुणालाही तो खरा की खोटा बघता येतो. पण त्यानंतर २०२०मध्ये शासनाने सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा काय काय घातलं बघा. एक, गावाच्या नावासोबत त्याचा एलजीडी कोड, म्हणजे देशातल्या प्रत्येक गावाला दिलेला वेगळा क्रमांक. आणि दोन, राज्य शासनाचा आणि ई-महाभूमी प्रकल्पाचा लोगो. मला हे फार आवडलं. पहिल्याने नायगाव कुठलं हा प्रश्न मिटवला. रिलेटिव्ह पत्ता गेला, अ‍ॅब्सोल्यूट पत्ता आला. आणि दुसऱ्याने हे मान्य केलं की डिजिटल सही कितीही पक्की असली तरी कागद माणसाच्या हातात जातो, आणि माणूस आधी वर डावीकडे-उजवीकडे बघतो. काउंटरवरच्या बाईंसमोर रांग असते. त्या पडताळणी क्रमांक टाकत बसत नाहीत, त्या लोगो बघतात. म्हणून लोगो ही सजावट नाही, मजकूर आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रोग्रॅमलाही हा फरक सांगायला हवा. सगळी चित्रं सारखी नसतात. स्टेटमेंटच्या तळाशी दिवाळी ऑफरची जाहिरात असते, ती हरवली तर कुणाचंही काही बिघडत नाही (उलट बरंच). पण सही, शिक्का, लोगो, फोटो, पैसे भरायचा क्यूआर कोड यातलं एक जरी सापडलं नाही तर कागद बाहेर पडता कामा नये. आणि हे करायला एफओपी तुम्हाला अडवत नाही, ही दुःखाची गोष्ट. त्यात इव्हेंट लिसनरची सोय आहे. चित्र सापडलं नाही की एक इव्हेंट येतो, आणि लिसनरमध्ये त्याची तीव्रता 'एरर'वरून 'फेटल' केली की दस्तऐवज तिथेच थांबतो. त्यांच्या स्वतःच्या माहितीपत्रकात हे उदाहरण दिलेलं आहे. चार-पाच ओळी. त्या लिहिल्या जात नाहीत, कारण डेमोच्या दिवशी सही सापडते.

याच्या विरोधातला युक्तिवाद मला माहीत आहे, कारण तो मी दर आठवड्याला ऐकतो. रात्री दोन वाजता चाळीस हजार पत्रांची बॅच चाललीय, आणि एका चित्रासाठी ती थांबवायची? सकाळी क्लायंटला काय सांगायचं? यावर माझा उलटा प्रश्न असतो. चाळीस हजार बिनसहीची पत्रं गेली तर काय सांगणार? थांबलेली बॅच ही एका कंपनीची एका रात्रीची डोकेदुखी आहे. गेलेली पत्रं म्हणजे चाळीस हजार घरांतला एकेक दिवस, आणि त्यातले बरेच दिवस रोजंदारीचे. आपल्याकडे दुसरा आकडा मोजला जात नाही म्हणून पहिला मोठा वाटतो.

दुसरा युक्तिवाद जास्त चांगला आहे: चित्र एक्सएमएलमध्येच भरून का टाकत नाही? भरता येतं. चित्राचे बाइट बेस-६४ करून 'डेटा:' पत्त्यात लिहायचे, एफओपी ते वाचतं. आकार एक-तृतीयांशाने वाढतो, पण सही मजकुरासारखीच सोबत प्रवास करते, हरवायला जागाच उरत नाही. प्रत्येक पत्राला वेगळा फोटो असेल तर मी हेच करीन. एकच लोगो चाळीस हजार वेळा भरणं मात्र मला जिवावर येतं. त्यासाठी बरणी बरी. यामागचं तत्त्व जुनंच आहे. पीडीएफ/ए हे दीर्घकाळ जपायच्या दस्तऐवजांचं आयएसओ प्रमाण २००५मध्ये आलं, तेही हेच सांगतं, की जे दिसायचं आहे ते सगळं, फॉन्टसकट, फाइलच्या आत असलं पाहिजे. आणि त्याहीआधीचं बघायचं तर आमच्या भागात जुन्या निजामकालीन कागदांवरचा शिक्का कागदावरच मारलेला असायचा. कागद आहे आणि शिक्का दुसऱ्या सर्व्हरवर आहे, अशी भानगड तेव्हा नव्हती.

ज्यांना सोमवारी जाऊन काही करायचंय त्यांच्यासाठी थोडं. टेस्ट चालवताना आयडीईमध्ये चालवू नका, बांधलेल्या जारवर चालवा, आणि तीही प्रोजेक्टच्या बाहेरच्या एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये उभं राहून. तयार झालेली पीडीएफ पीडीएफबॉक्सने उघडा आणि आतली चित्रं मोजा. लोगो, सही, शिक्का मिळून तीन हवीत तर तीन आहेत का? फाइल तयार झाली का एवढंच बघणारी टेस्ट ही टेस्ट नाही. आणि मेव्हनमध्ये रिसोर्स फिल्टरिंग चालू असेल तर जपून. ते फाइलींमध्ये मजकूर समजून बदल करतं आणि बायनरी फाइल बिघडवतं. पीएनजी, जेपीजी वगैरे नेहमीची चित्रं प्लगइन आपणहून वगळतं, पण टीटीएफ फॉन्ट त्या यादीत नाहीत. म्हणजे लोगो धडधाकट आणि मराठी मजकूर खलास, असंही होऊ शकतं.

आमच्या टीममध्ये तो चार-पाच ओळींचा लिसनर गेल्या वर्षी एकदाचा मंजूर झाला, तोही फक्त सही, लोगो आणि क्यूआरपुरता. तीन आठवडे काहीच झालं नाही. मग एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला, बॅच पहिल्याच पत्रावर थांबली होती. क्लायंटकडे नवे अधिकारी आले होते, त्यांच्या सहीची फाइल डिझायनरने पाठवली होती, आणि तिच्या नावातलं पीएनजी मोठ्या लिपीत होतं. ड्यूटीवरच्या मुलीने नाव बदललं, जार पुन्हा बांधली, दोन पस्तीसला बॅच पुन्हा लावली. सकाळी सातपर्यंत सगळी पत्रं गेली, सहीसकट. साडेदहाच्या कॉलवर मॅनेजरने विचारलं की हा लिसनर सणासुदीच्या दिवसांत तात्पुरता बंद ठेवता येईल का. त्याला उत्तर ती मुलगीच देणार आहे, सोमवारी.